श्रीरामपूर, बडोदा, वूस्टर: झहीर खानची वाटचाल

दहावी-बारावीचे निकाल लागले की शाळेच्या कार्यालयाबाहेर पालकांची गर्दी होते. कुणाला दाखला हवा असतो, कुणाला सायन्स की कॉमर्स याचा मशवरा हवा असतो. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "सर, पोरगं पुस्तकाला हात लावत नाही, पण बॉलिंग लई फास्ट टाकतं. पुण्याला अकॅडमीत टाकू का?" विचारणारे अब्बा कधी गॅरेजवाले असतात, कधी फळांच्या गाड्यावाले, तर कधी माझ्यासारखे नोकरदार. सोबत आलेला मुलगा खाली मान घालून उभा असतो. त्याच्या चेहऱ्यावर मात्र उत्तर काय यावे ते स्पष्ट लिहिलेले असते.

हो किंवा नाही अशा एका शब्दात याचे उत्तर देता येत नाही. म्हणून आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातल्या एका माणसाची वाटचाल सविस्तर मांडतो. नाव सर्वांना ठाऊक आहे, झहीर खान. त्याचे बळी मुलांना तोंडपाठ असतात. पण त्याला किती गावे, किती संघ आणि किती मैदाने बदलावी लागली, हे फारसे कुणी सांगत नाही. खरी गोष्ट तिथेच आहे.

झहीरचा जन्म 7 ऑक्टोबर 1978 चा, श्रीरामपूरचा. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. बीडची आणि नगरची सीमा एकच. श्रीरामपूर हे उसाच्या पट्ट्यातले, बाजारपेठेचे गाव. रेल्वे स्टेशन गावातच आहे, पण स्टेशनचे नाव बेलापूर. वडील बख्तियार खान फोटोग्राफर. आपल्या तालुक्याच्या गावांत लग्नसराईवर ज्यांचे वर्ष चालते, त्या व्यवसायातले घर. झहीरचे प्राथमिक शिक्षण हिंद सेवा मंडळाच्या न्यू मराठी प्राथमिक शाळेत झाले आणि पुढचे तिथल्याच के. जे. सोमैया हायस्कूलमध्ये. माध्यमावरून आपल्या घरांत जे वाद होतात, मुलाला उर्दूत घालावे की मराठीत की इंग्रजीत, त्या वादात हे उदाहरण उपयोगी पडेल. घरातली भाषा आणि शाळेची भाषा वेगळी असल्याने या मुलाचे काही अडले नाही. मी स्वतः दोन्ही भाषा शिकवतो. दोन भाषा येणे हे ओझे नसते, ती शिदोरी असते, असे माझे मत आहे.

बारावीनंतर झहीरला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. त्या काळी तालुक्याच्या मुस्लिम घरातला मुलगा इंजिनिअर होणार म्हणजे नातेवाइकांत पेढे वाटायची गोष्ट. ते शिक्षण त्याने सोडले. इंजिनिअर देशात पुष्कळ आहेत, तू वेगवान गोलंदाज हो, असे वडीलच म्हणाले, हा किस्सा अनेकदा सांगितला जातो. तो ऐकला की मुलांचे डोळे चमकतात. माझी त्यांना एक विनंती असते. 'इंजिनिअरिंग सोडले' एवढेच ऐकू नका. सोडायला आधी प्रवेश मिळवावा लागतो आणि प्रवेशासाठी बारावी सायन्स चांगल्या गुणांनी पास व्हावे लागते. तेही त्याने केले होते. पुस्तक सोडून पळालेला मुलगा आणि दोन उघड्या दरवाजांपैकी एक निवडलेला मुलगा यांत फरक आहे.

वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास झहीर मुंबईला आला. इथे एक माहिती द्यायला हवी, कारण पालकांना ती बहुधा नसते. आपल्या राज्यात रणजी करंडकासाठी तीन वेगवेगळे संघ उतरतात: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. बीड, नगर, लातूर, धाराशिव हे आपले सगळे जिल्हे पुण्याला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत येतात, मुंबईत नाही. म्हणजे श्रीरामपूरचा मुलगा मुंबईच्या मैदानावर उतरला तेव्हा तो आपल्याच राज्यात असूनही परका होता. मुंबई हे क्रिकेटचे माहेरघर. एकेका जागेसाठी वीस-वीस मुले रांगेत. तिथे त्याला सुधीर नाईक भेटले. नाईक सर भारतासाठी तीन कसोटी सामने खेळलेले सलामीचे फलंदाज. 1970-71 साली मुंबईला रणजी करंडक मिळाला तेव्हा संघाचे कर्णधार तेच होते. त्यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये झहीर घडू लागला. अभ्यास सोडून पूर्ण वेळ क्रिकेट खेळ, हा सल्लाही त्यांचाच होता.

उस्ताद कसा असावा, याचा विचार करताना मला नाईक सर आठवतात. त्यांनी मुलाला केवळ नेटमध्ये चेंडू टाकायला लावले नाही. योग्य सामन्यांत, योग्य माणसांच्या नजरेसमोर त्याला उभे केले. मुंबईतल्या क्लब क्रिकेटच्या एका अंतिम सामन्यात शिवाजी पार्क जिमखान्याविरुद्ध झहीरने सात बळी घेतले आणि त्याचे नाव चर्चेत आले. मग चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनचा रस्ता उघडला. वेगवान गोलंदाज तयार करण्यासाठी 1987 साली सुरू झालेली ही संस्था. ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली तिथे येऊन शिकवत आणि टी. ए. शेखर रोजचे काम पाहत. श्रीरामपूरहून मुंबई, मुंबईहून चेन्नई. भाषा वेगळी, जेवण वेगळे, हवा वेगळी. वय जेमतेम अठरा-एकोणीस.

पुढचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. झहीर मुंबईच्या 19 वर्षांखालील संघातून खेळला होता, तरी मोठ्या मुंबई संघात जागा मिळणे कठीण होते. अशा वेळी आपली मुले काय करतात? 'वशिला नव्हता,' 'आपल्या लोकांना घेत नाहीत,' असे म्हणत घरी परततात आणि कट्ट्यावर बसतात. अन्याय होतच नाही असे मी म्हणणार नाही. होतो, आणि तो सोसलेल्यांना मी ओळखतो. पण झहीरने दुसरे दार ठोठावले. शेखर यांच्या सल्ल्याने तो बडोद्याला गेला आणि 1999-2000 च्या हंगामात बडोद्याकडून रणजी खेळू लागला. बडोदा म्हणजे गायकवाडांची राजधानी. तिथे जुनी मराठी वस्ती आजही आहे. संघ मुंबईसारखा दिमाखदार नव्हता, पण त्याला डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाची गरज होती. गरज जिथे असेल तिथे हुनर घेऊन जावे, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. मुलांना सांगावे लागते.

दुसऱ्याच हंगामात, 2000-01 मध्ये, बडोद्याने रणजी करंडक जिंकला. याआधीचे विजेतेपद 1957-58 चे होते, म्हणजे मध्ये 43 वर्षे गेली होती. रेल्वेविरुद्धचा अंतिम सामना बडोद्याने फक्त 21 धावांनी जिंकला. झहीरने सामन्यात आठ बळी घेतले, त्यांतले पाच शेवटच्या डावात, आणि सामनावीर ठरला.

तोपर्यंत तो भारताच्या संघातही पोहोचला होता. 2000 साली बंगळुरूला राष्ट्रीय क्रिकेट अकादमी सुरू झाली, तिच्या पहिल्या तुकडीत तो होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नैरोबीला केनियाविरुद्ध पहिला एकदिवसीय सामना. चार दिवसांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्यपूर्व सामना झाला, तो दिवस 7 ऑक्टोबरचा, त्याच्या बाविसाव्या वाढदिवसाचा. समोर स्टीव्ह वॉ. झहीरचा यॉर्कर थेट स्टंपवर गेला. ज्यांनी तो चेंडू पाहिला ते आजही सांगतात. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला कसोटी पदार्पण झाले. बांगलादेशाच्या इतिहासातलाही तो पहिलाच कसोटी सामना होता.

2003 च्या विश्वचषकात झहीरने 18 बळी घेतले. भारत अंतिम सामन्यात गेला. 23 मार्चची ती दुपार आपल्या पिढीला विसरता येत नाही. अंबाजोगाईतले रस्ते ओस पडले होते. जोहान्सबर्गला पहिले षटक झहीरकडे आले आणि उत्साहाच्या भरात चेंडू त्याच्या हातात राहिला नाही. नो-बॉल, वाइड, चौकार. पहिल्याच षटकात 15 धावा. त्या दिवशी त्याने सात षटकांत 67 धावा दिल्या, बळी एकही नाही. ऑस्ट्रेलियाने 359 केल्या आणि भारत 125 धावांनी हरला. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर जो तो झहीरला शिव्या देत होता. विश्वचषकातले 18 बळी एका षटकात पुसले गेले.

तिथून उतार सुरू झाला. वर्षअखेर ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला त्याने एका डावात पाच बळी घेतले आणि त्याच दौऱ्यात मांडीचा स्नायू दुखावून घरी परतावे लागले. दुखापती येत राहिल्या. मधल्या काळात एक गंमतही झाली. डिसेंबर 2004 मध्ये ढाक्याला अकराव्या क्रमांकावर येऊन त्याने 75 धावा ठोकल्या आणि सचिन तेंडुलकरसोबत शेवटच्या जोडीसाठी 133 धावांची भागीदारी केली. अकराव्या क्रमांकावरच्या फलंदाजाची ती तेव्हाची कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या होती. पण संघाने त्याला धावांसाठी घेतले नव्हते. इरफान पठाण आला, तोही डावखुरा, तोही बडोद्याचा, आणि वयाने लहान. मग आर. पी. सिंग, श्रीशांत, मुनाफ पटेल. 2005 संपता संपता क्रिकेट मंडळाने झहीरचा करार 'ब' श्रेणीतून 'क' श्रेणीत उतरवला. 27 वर्षांचा गोलंदाज, दुखापतींचा इतिहास आणि रांगेत चार तरुण. पुष्कळांनी त्याचा हिशेब तिथेच मिटवला होता.

2006 च्या उन्हाळ्यात झहीर इंग्लंडला गेला, वूस्टरशायर नावाच्या काउंटीकडून खेळायला. याआधी 2004 मध्ये तो सरेकडून थोडे खेळला होता, पण आता मुक्काम पूर्ण हंगामाचा होता. वूस्टर हे सेव्हर्न नदीकाठचे लहान शहर. मैदान नदीला इतके लागून की पुराच्या वर्षी खेळपट्टीवर पाणी येते; पलीकडे जुन्या कॅथेड्रलचा मनोरा. कसोटी खेळलेला, विश्वचषकाची अंतिम फेरी खेळलेला माणूस इथे दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत, मूठभर प्रेक्षकांसमोर, थंडीत स्वेटर घालून गोलंदाजी करत होता. यात कमीपणा मानायचा तर मानता आला असता. आखातात गेलेले आपले भाऊ, भाचे, दीर आठवून पाहा. इथे मेस्त्री म्हणून मान होता आणि तिथे नव्याने सुरुवात करावी लागली, असे किती जण आहेत! रिज्कासाठी घर सोडणे आपल्याकडे कधी कमीपणाचे मानले गेले नाही. सोडल्यावर तिथे काय शिकलो, यावर सगळे ठरते.

झहीरने पहिल्याच सामन्यात सॉमरसेटविरुद्ध दहा बळी घेतले. पदार्पणात अशी कामगिरी त्या काउंटीसाठी शंभरहून अधिक वर्षांत कुणी केली नव्हती. जूनमध्ये चेम्सफर्डला एसेक्सविरुद्ध एका डावात 138 धावांत नऊ बळी. दहावाही मिळाला असता, पण शेवटचा फलंदाज डॅरेन गॉफ याचा झेल यष्टिरक्षकाच्या हातून सुटला. हंगामात एकूण 78 बळी. संघ वरच्या श्रेणीत गेला. तिथल्या लोकांनी त्याला 'झिप्पी झॅकी' असे लाडाचे नाव दिले.

आकड्यांपेक्षा आतला बदल मोठा होता. काउंटी क्रिकेटमध्ये आठवड्याचे बहुतेक दिवस सामना असतो. आज दमलो म्हणून उद्या सुटका नसते. शरीर राखून षटके टाकावी लागतात. झहीरने आपल्या धावेतली आणि उडीतली जादा दगदग काढून टाकली. वेग किंचित कमी झाला तरी चालेल, चेंडू हवा तिथे पडला पाहिजे, हे त्याने मान्य केले. वेगवान गोलंदाजाला हे मान्य करणे किती अवघड असते! वेग हीच त्याची ओळख असते. पण त्याबदल्यात त्याला दोन्हीकडे स्विंग करणारा चेंडू मिळाला, स्टंपच्या डाव्या बाजूने आणि उजव्या बाजूने तितक्याच सहजतेने टाकता येऊ लागले, आणि जुन्या चेंडूचा रिव्हर्स स्विंग मिळाला. पुढे पुढे तर धावत येताना तो दुसऱ्या हाताने चेंडू झाकून घ्यायचा. चकचकीत बाजू कुठली, हे फलंदाजाला शेवटपर्यंत दिसू नये म्हणून.

वर्गात मी मुलांना सांगतो की नापास झालेल्या विषयाचा पेपर पुन्हा द्यायचा असेल तर जुन्याच पद्धतीने अभ्यास करून चालत नाही. झहीरने तेच केले: तोच विषय, नवी पद्धत.

परतल्यावर त्याने बडोदा सोडले आणि मुंबईची टोपी घातली. ज्या मुंबईत जागा मिळाली नव्हती, त्याच मुंबईकडून 2006-07 च्या रणजी अंतिम सामन्यात बंगालविरुद्ध नऊ बळी घेतले आणि करंडक मुंबईला मिळाला. बडोद्याच्या चाहत्यांना वाईट वाटले असेलच. व्यावसायिक खेळाडूच्या आयुष्यात हे येते. ज्याने पहिला हात दिला त्याला सोडून जावे लागते, आणि ते कसे सोडावे हाही अदबीचा भाग असतो.

2007 चा इंग्लंड दौरा ही त्या काउंटी हंगामाची कमाई होती. नॉटिंगहॅमजवळच्या ट्रेंट ब्रिज मैदानावर झहीर फलंदाजीला आला तेव्हा कुणीतरी क्रीजवर जेलीच्या गोळ्या टाकून ठेवल्या होत्या. पोरकट थट्टा होती. झहीर चिडला, बॅट उगारून बोललाही. मग दुसऱ्या डावात पाच बळी घेतले, सामन्यात नऊ. भारत सात गडी राखून जिंकला आणि मालिकाही 1-0 अशी खिशात आली. इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकायला भारताला 1986 नंतर 21 वर्षे लागली होती. पुढच्या वर्षी 'विस्डेन' या इंग्लिश वार्षिकाने वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंत त्याची निवड केली. राग सगळ्यांनाच येतो. त्याचे पुढे काय करायचे, हे घरातल्या तरण्या मुलांसोबत बसून बोलण्यासारखे आहे.

मग आला 2011 चा विश्वचषक. बंगळुरूला इंग्लंड भारताच्या 338 धावांचा पाठलाग जवळजवळ पूर्ण करत होता. झहीरने लागोपाठच्या दोन चेंडूंवर इयन बेल आणि 158 धावांवर खेळणारा अँड्र्यू स्ट्रॉस यांना बाद केले, पुढच्या षटकात कॉलिंगवूडला, आणि हरलेला सामना बरोबरीत सुटला. बोटांच्या सांध्यांवर चेंडू धरून टाकायचा संथ चेंडू, ज्याला नकल बॉल म्हणतात, हे त्याचे त्या स्पर्धेतले नवे हत्यार होते. स्पर्धेत 21 बळी. पाकिस्तानच्या शाहिद आफ्रिदीबरोबर सर्वाधिक. 2 एप्रिलला वानखेडेवर अंतिम सामना. पुन्हा पहिले षटक झहीरचे. आठ वर्षांपूर्वी त्याच प्रसंगी 15 धावा गेल्या होत्या. या वेळी पहिली तीन षटके निर्धाव. पाच षटकांत 6 धावा आणि एक बळी. शेवटी शेवटी त्याला मार पडला आणि दहा षटकांत 60 धावांत 2 बळी असा हिशेब झाला, पण सुरुवातीला श्रीलंकेच्या पायाखालची वाळू त्यानेच सरकवली होती.

आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नाही. त्या दिवशीची वानखेडेची खेळपट्टी ज्यांनी तयार केली होती, ते मैदानाचे क्युरेटर होते सुधीर नाईक. शागीर्द धावत आला तो उस्तादाने पाणी घालून, रोलर फिरवून तयार केलेल्या मातीवर. नाईक सर 5 एप्रिल 2023 रोजी गेले. शिक्षक म्हणून मला त्या दोन तारखांत, 2 एप्रिल आणि 5 एप्रिल, उगीचच काहीतरी नाते वाटत राहते.

विश्वचषकानंतरची वर्षे शरीराशी झगडण्यात गेली. जुलै 2011 मध्ये लॉर्ड्सवर 13.3 षटकांत 18 धावा देऊन दोन बळी घेतले आणि मांडी धरून तो मैदानाबाहेर गेला; ती मालिका भारताने 4-0 अशी गमावली. 2012 च्या अखेरीस संघातून वगळले गेले. वय 34. पैसा होता, नाव होते, घरी बसणे सोपे होते. तो युवराजसोबत फ्रान्समधल्या ब्रीव नावाच्या गावी गेला आणि तिथे आठवडेच्या आठवडे व्यायाम केला. डिसेंबर 2013 मध्ये जोहान्सबर्गला परतला आणि जॅक कॅलिसला पायचीत करून 300 वा कसोटी बळी घेतला. शेवटची कसोटी फेब्रुवारी 2014 मध्ये वेलिंग्टनला झाली. ब्रेंडन मॅकलमने 302 धावा केल्या तो सामना. न्यूझीलंडच्या त्या एका डावात 35 वर्षांच्या झहीरने 51 षटके टाकली आणि 170 धावांत पाच बळी घेतले. मला विचाराल तर ट्रेंट ब्रिजच्या पाच बळींपेक्षा हे पाच जास्त मोलाचे. सामना वाचवायचा कुणी विचारही करत नव्हता, शरीर थकले होते, तरी हा माणूस येत राहिला.

15 ऑक्टोबर 2015 रोजी त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेटला निरोप दिला. 92 कसोटींत 311 बळी, 200 एकदिवसीय सामन्यांत 282. आयपीएलमध्ये बंगळुरू, मुंबई, पुन्हा बंगळुरू, पुन्हा मुंबई आणि शेवटी दिल्ली असा फेरा झाला. दिल्लीचा तो कर्णधारही होता. बरोबर 100 सामन्यांत 102 बळी. पुढे मुंबई इंडियन्सच्या व्यवस्थापनात आणि 2025 च्या हंगामात लखनौ संघाचा मार्गदर्शक म्हणून त्याने काम केले. अर्जुन पुरस्कार 2011 चा, पद्मश्री 2020 ची.

आता पुन्हा आपल्या मुलांकडे. आयपीएलच्या दिवसांत आपल्या मोहल्ल्यात क्रिकेट किती आणि मोबाईलवर टीम लावून पैसे घालवणे किती, हे पालकांनी जरा तपासून पाहावे. दोन्हीला मुले क्रिकेटच म्हणतात. त्यांतले एक खेळ आहे आणि दुसरे सरळ जुगार.

खेळू द्यायचे असेल तर मनापासून खेळू द्यावे. बीडसारख्या जिल्ह्यातून काही होत नाही, हे आता कुणी म्हणू नये. बीडचा सचिन धस 2024 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 96 धावा करून भारताला अंतिम फेरीत घेऊन गेला. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात भरती झाला, तिथे धावायला लागला आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्यपदक घेऊन आला. पण हेही खरे की अशा एका नावामागे शेकडो मुले अर्ध्यावर थांबतात. त्यांच्याजवळ बारावीची गुणपत्रिका नसेल तर हाती काहीच राहत नाही. म्हणून माझा आग्रह एवढाच असतो की बारावीपर्यंत शाळा सुटता कामा नये. सकाळी मैदान, दिवसा शाळा. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. या दोन्हींचा लाभ शिकलेल्या खेळाडूलाच घेता येतो. क्रीडा शिक्षकांकडून स्पर्धेची प्रमाणपत्रे वेळच्या वेळी घेऊन एका फाईलमध्ये लावून ठेवावीत. बहुतेक घरांत ती हरवलेली असतात.

अकॅडमीची फी भरण्याआधी तिथे जाऊन एक दिवस उभे राहा. किती मुलांमागे एक प्रशिक्षक आहे, टर्फ खेळपट्टी आहे की नुसते सिमेंट, वर्षभरात मुलाला प्रत्यक्ष सामने किती मिळतात, हे पाहा. नेटमध्ये हजार चेंडू टाकूनही सामना मिळत नसेल तर त्या फीला अर्थ नाही. मुलगी खेळत असेल तर हेच प्रश्न तिच्यासाठीही विचारा. राहण्याची आणि येण्या-जाण्याची सोय तेवढी जास्त बारकाईने पाहा.

शेवटी वयाच्या दाखल्याबद्दल. दोन वर्षे कमी करून दाखला काढून द्या, अशी गळ घालणारे पालक दरवर्षी भेटतात. मी त्यांना सरळ नकार देतो, काही जण नाराज होतात. 16 वर्षांखालील गटासाठी क्रिकेट मंडळ मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासते. खोटे उघडे पडले की मुलावर बंदी येते आणि शाळेतले सगळे रेकॉर्डही संशयात सापडते. नगरपालिकेतला किंवा ग्रामपंचायतीतला मूळ जन्मदाखला, आधार कार्ड आणि शाळेचा बोनाफाईड या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का, ते निवड चाचणीच्या आधी एकदा पाहून घ्या. आपल्याकडे एका कागदावर 'शेख', दुसऱ्यावर 'शेक' आणि तिसऱ्यावर आडनावच नाही असे हमखास असते. दुरुस्तीला महिना-दोन महिने लागतात आणि चाचणीची तारीख तुमच्यासाठी थांबत नाही.